गाडीखालची पंधरा मिनिटं

जुनी जीप घ्यायला निघालेल्या माणसानं ती मनातल्या मनात आधीच घेतलेली असते. मला तो सोबत नेतो ते फक्त मान हलवायला. बायको नाही म्हणाली, भाऊ नाही म्हणाला, निदान मिस्त्री तरी हो म्हणेल, या आशेनं लोक मला मोटारसायकलवर मागे बसवून कधी भंडाऱ्याला, कधी मोहाडीला, कधी तुमसरला घेऊन गेले आहेत. साकोलीत हायवेला लागून माझं गॅरेज होतं. जवळपास चाळीस वर्षं जीपा दुरुस्त केल्या. आता शटर बंद आहे, गुडघे साथ देत नाहीत. दुरुस्त्या करून लोकांचं जेवढं भलं केलं, त्याहून जास्त ‘घेऊ नका’ एवढं सांगून केलं असेल, असं मला वाटतं. एकदा मात्र मी ‘घ्या’ म्हणालो आणि तिथं चुकलो. त्याबद्दल लिहायचं आहे. पण आधी आमचं काम थोडं समजावून सांगतो. त्याशिवाय चूक केवढी होती ते वाचणाऱ्याला कळायचं नाही.

चारही चाकांनी ओढणारी जीप शहरात हौसेची गोष्ट असेल. आमच्याकडे तलावांच्या पाळी, म्हणजे मातीचे उंच बांध, जंगलाकडेची गावं आणि धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, जाणारे रस्ते. श्रावणात त्या चिखलात बैलसुद्धा विचार करून पाय टाकतो. साध्या गाडीची मागची दोनच चाकं ओढतात. ती चिखलात फिरत बसली की गाडी जागच्या जागी खड्डा करते. जीपमध्ये गिअरच्या बाजूला आणखी एक दांडा असतो. तो टाकला की पुढची चाकंही ओढू लागतात आणि गाडी निघते. एवढ्यासाठी लोक वीस-पंचवीस वर्षं जुनी जीप शोधत फिरतात.

नागपूरचे एक डॉक्टर होते. जंगलात फिरायची आवड. हिरव्या रंगाची एक जीप पाहून त्यांचा जीव तिच्यावर जडला आणि घेऊन झाल्यावर ते ती मला दाखवायला आले. मी खाली वाकून पाहिलं, तर पुढच्या चाकांना फिरवणारा गाडीच्या पोटाखालचा लोखंडी रॉडच जागेवर नव्हता. कोणीतरी कधीतरी काढून ठेवला असेल आणि नंतर भंगारात गेला असेल.

डॉक्टर म्हणाले, “पण लीव्हर तर बरोबर पडतो हो!”

मी म्हटलं, “लीव्हर पडते जी, पण खाली त्याले काही जोडलंच नाही.”

“म्हणजे बटण आहे आणि पंखाच नाही?”

“हो जी.”

ते स्वतःच खळखळून हसले. असे गिऱ्हाईक थोडे. बाकीचे रुसतात.

तर गाडी पाहायला जायचं ते सकाळी, आणि मालकाला नेमकी वेळ न सांगता. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवायचा. बॉनेट गरम लागलं तर समजावं की गाडी आधीच सुरू करून ठेवली आहे. थंड इंजिनाला जे लपवता येत नाही ते गरम इंजिन लपवतं. मग किल्ली मारून धूर पाहायचा. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पितं आहे. पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी नको तिथं शिरतं आहे. तेलाची पट्टी काढून तेल बोटावर घ्यायचं. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर नमस्कार करून घरी यायचं. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवायचं. खडखड वाजलं तर आतले बेअरिंग गेलेले. दुसरा दांडा टाकून गाडी चिखलात किंवा वाळूत चालवायची. डांबरावर त्याची परीक्षा होत नाही. आणि कागदावरचा नंबर गाडीच्या सांगाड्यावरच्या नंबराशी जुळवायचा. नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली की अक्षर न अक्षर उमटतं.

पण हे सगळं एका बाजूला, आणि पोतं अंथरून गाडीखाली झोपणं एका बाजूला. त्या सांगाड्याला आम्ही चासी म्हणतो. माणसाचा पाठीचा कणा, तशी गाडीची चासी. इंजिन बदलता येतं, गिअर बदलता येतात, पण चासी गेली की गाडी गेली. ती वरून दिसत नाही. खाली झोपायचं, हातोडीनं टकटक करत पुढून मागं जायचं. चांगलं लोखंड खणखणतं, सडकं लोखंड बद्द वाजतं. जिथं नवा काळा रंग मारलेला दिसेल तिथं पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, रोवून पाहायचा. जुन्या गाडीच्या पोटाला कोणी हौसेनं रंग देत नाही. या कामाला पंधरा मिनिटं लागतात.

मला हे सगळं शिकवलं नत्थूजी उस्तादांनी. भंडाऱ्यात त्यांचं गॅरेज होतं. सतरा वर्षांचा असताना मी त्यांच्याकडे गेलो आणि सात वर्षं राहिलो. माणूस कडक. पण मला ताप आला तेव्हा स्वतःच्या घरी नेऊन पेज पाजलेली. माझं साकोलीचं गॅरेज सुरू झालं त्या दिवशी नारळ त्यांनीच फोडला. पुढं म्हातारपणी ते मोहाडीला, आपल्या मूळ गावी जाऊन राहिले. त्यांची स्वतःची एक जीप होती. आम्ही शिकाऊ पोरं तिला हात लावायचा तर आधी साबणानं हात धुवायचो.

आता मोतीराम आणि सिंधू. हे नवरा-बायको साकोलीपासून आत, जंगलाच्या बाजूला असलेल्या एका तलावाकाठच्या गावातले. पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारं घर. मोतीराम उंच, हसरा, कमी बोलणारा. सिंधू ठेंगणी, आणि दोघांचं मिळून बोलणारी. पहाटे जाळं काढायचं, मासळी बर्फाच्या डब्यांत भरायची आणि ऊन चढायच्या आत साकोलीच्या बाजारात आणायची, असा त्यांचा दिवस. पण तलावापासून पक्क्या रस्त्यापर्यंतची वाट पाळीवरून आणि बांध्यांमधून. पावसाळ्यात भाड्याचा ऑटो तिथं येत नसे. डबे डोक्यावर वाहून आणेपर्यंत निम्मी मासळी नरम पडायची. म्हणून दोघांनी चार वर्षं पै-पै जमवून जुनी जीप घ्यायचं ठरवलं. मोतीरामला गाडी चालवता येत होती; तरुणपणी त्यानं ट्रॅक्टर चालवला होता.

पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा सिंधूच बोलली. “मिस्त्रीभाऊ, आमाले गाडीतलं काही समजत नाही. तुमी पाहून सांगसान तीच घेऊ. तुमी नाही म्हणसान तं सोन्याची असली तरी नाही.”

असं कोणी म्हणालं की छाती फुगते. माझीही फुगली.

पहिली जीप आम्ही पाहिली ती भंडाऱ्याला, नदीकडच्या एका वस्तीत. गाडी चकाचक. नवी गादी, नवा रंग, बॉनेट थंड, धूर साफ. मी इंजिनात डोकं घालून होतो. सिंधू मागच्या दाराशी उभी होती. तिनं गादीखाली हात घातला, नाकाजवळ नेला आणि मला हाक मारली.

“मिस्त्रीभाऊ, इकडं या. हा वास कायचा हाय?”

मी वास घेतला. मला आधी ऑइलचाच वास आला.

“हा गाळाचा वास हाय,” ती म्हणाली. “तलाव आटला का असाच वास येते. ही गाडी पाण्यात होती.”

मालक म्हणाला, “काही बी काय बोलता बाई! पावसाचं पाणी गेलं असंल आत.”

मी गादी उचलली. खालच्या स्प्रिंगा गंजलेल्या होत्या. मग दिव्याची काच काढली. आत मधोमध चिखलाची बारीक रेघ होती, पाणी जिथपर्यंत चढलं होतं तिथपर्यंतची. वैनगंगेच्या पुरात बुडालेली गाडी होती ती. अशा गाडीच्या वायरी आतून सडत जातात आणि वर्षभरात एकेक करून सगळं बंद पडतं. मी कदाचित पुढं जाऊन पकडलंही असतं, पण खरं सांगायचं तर त्या दिवशी पकडलं ते सिंधूच्या नाकानं. परत येताना मोतीराम म्हणाला, “मासोळीवालीले घेऊन गेलो, बरं झालं.” सिंधूनं त्याला पाठीत चापट मारली.

दुसरी जीप पाहिली ती साकोलीतच. खाली झोपलो तर चासी मधोमध कापून जोडलेली. पुढचा भाग एका गाडीचा, मागचा दुसऱ्या गाडीचा. ती तिथंच सोडली. असे दोन महिने गेले. रोवणीचे, म्हणजे धानाची रोपं लावायचे, दिवस जवळ येऊ लागले. पाऊस लागायच्या आत गाडी हवी, म्हणून मोतीरामला घाई झाली होती.

तेवढ्यात उस्तादांची बातमी कळली. मोहाडीच्या बाजारातून आलेल्या एकानं सांगितलं, “नत्थूजी जीप विकाले काढून राहिले. डोळ्यानं दिसत नाही म्हंते आता.”

मला इतका आनंद झाला की मी त्याच संध्याकाळी मोतीरामला फोन केला. म्हटलं, आता दुसरीकडे पाहायचं कामच नाही. ज्या माणसानं मला गाडी पाहायला शिकवलं, त्याच्या हातची गाडी आहे.

आम्ही तिघं मोहाडीला गेलो. उस्ताद अंगणात खुर्चीवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मला आवाजावरून ओळखलं.

“शंकर आला का गा?”

मी पाया पडलो. चहा झाला. त्यांनी मोतीरामची, सिंधूची, तलावाची, मासळीची चौकशी केली. जीप शेडात उभी होती. मी बॉनेट उघडलं. इंजिन सुरू केलं. धूर नाही, आवाज घड्याळासारखा. चाकं हलवली, घट्ट. पलीकडच्या पडीक बांधीत उतरवून दुसरा दांडा टाकला, चारही चाकांनी ओढत गाडी वर आली. कागद उस्तादांच्याच नावावर, नंबर जुळला.

मग मी पोतं शोधायला इकडंतिकडं पाहिलं. उस्ताद माझ्याकडेच तोंड करून बसले होते. त्यांना मी दिसत नसणार, पण मला तेव्हा तसं वाटलं नाही. मला वाटलं, आता मी खाली झोपलो तर या माणसाला काय वाटेल? ज्यानं आपल्याला ताप आल्यावर पेज पाजली, त्याच्या अंगणात त्याच्या गाडीखाली हातोडी घेऊन शिरायचं? चोराच्या घराची झडती घेतल्यासारखं?

सिंधूनं विचारलं, “खाली नाही पाहात का, मिस्त्रीभाऊ? त्या दोन्ही गाड्याइच्या खाली तं गेलते तुमी.”

मी म्हटलं, “हे उस्ताद आहेत माहे. यायच्या गाडीले काय पाह्याचं?”

 उस्तादांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मला ते आठवतं. त्या वेळी वाटलं, गाडी हातची जाते म्हणून जीव हळहळला असेल.

मोतीराम जीप चालवत घेऊन गेला. महिनाभर तो मला बाजारात भेटला की लांबूनच हात करायचा. मासळी ताजी यायची, गिऱ्हाईक वाट पाहत उभं राहायचं. सिंधू म्हणायची, “आता डोक्यावरचे केस परत येतीन माहे.”

रोवणी ऐन भरात असताना ते झालं. सकाळचे आठ-साडेआठ वाजले असतील. मोतीराम जीप घेऊन तलावाच्या पाळीवरून येत होता, सिंधू मागं डबे धरून बसली होती. पाळीवर एका खड्ड्यात पुढचं चाक आपटलं आणि चासी तुटली. नेमकी तिथं, जिथं स्टिअरिंगचा डबा तिला बसवलेला असतो. मोतीरामनं स्टिअरिंग फिरवलं, पण गाडीनं ऐकलं नाही. ती पाळीवरून शेताच्या बाजूला घसरली आणि आडवी झाली. सिंधू आधीच बांधीतल्या चिखलात फेकली गेली. तिला खरचटलंसुद्धा नाही. मोतीरामचा डावा पाय खाली सापडला. रोवणीच्या बाया आणि माणसं हातातली धानाची रोपं टाकून धावली. चौदा-पंधरा जणांनी मिळून जीप उचलली.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात पाय वाचला. पण गुडघा कायमचा ताठ राहिला.

जीप गावकऱ्यांनी ट्रॅक्टरनं ओढून माझ्या गॅरेजसमोर आणून ठेवली. ज्यानं आणली तो म्हणाला, “पाळीचा रस्ताच बेकार जी. कोणाचा काय दोष!”

सगळे गेल्यावर मी पोतं अंथरलं आणि त्या गाडीखाली पहिल्यांदा झोपलो.

लोखंड तुटतं तेव्हा त्याची कड खरं बोलते. ताजी तूट चांदीसारखी चमकते. जुनी चीर आतून गंजलेली, तपकिरी असते. त्या चासीची तूट निम्मी चकचकीत होती आणि निम्मी तपकिरी. म्हणजे अर्ध्यात चीर फार आधीपासून होती. तिच्यावर वेल्डिंग मारलेलं होतं, घासून सपाट केलेलं, आणि वरून काळा रंग. हातोडीचा एक टोला पुरला असता. मी तसाच खाली पडून राहिलो. रडलो वगैरे नाही. उठावंसंच वाटेना.

दुसऱ्या दिवशी बसनं मोहाडीला गेलो. उस्ताद त्याच खुर्चीवर होते. मी पाया पडलो नाही. सांगितलं काय झालं ते. मोतीरामचा पाय सांगितला. तुटीचा रंग सांगितला.

 ते म्हणाले, “वेल्डिंग मीच मारलं होतं. डोळे जायच्या आधी. मले वाटलं, माह्यापुरती चालंल. मी कुठं जातो आता पाळीवरून?”

“मंग विकताना काहून नाही सांगितलं?”

“तू येऊन राहिला म्हून ऐकलं, तवा मनात म्हटलं, बरं झालं. शंकर खाली जाईन. त्याले दिसंल. तो म्हणंल, उस्तादजी, ही चासी गेली. मंग मी म्हणीन, हो बाप्पा, गेली. मले आपल्या तोंडानं सांगा लागणार नाही.” त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. “तू गेलाच नाही खाली. त्या बाईनं तुले विचारलं, ते बी मी ऐकलं. मी वाट पाहून राहिलो होतो तुही.”

“तुमी तवाच बोलाले पाह्यजे होतं.”

“हो,” ते म्हणाले. “पाह्यजे होतं.”

एवढंच. त्यांनी सबब दिली नाही आणि मलाही दोष दिला नाही. उलट सबब दिली असती तर मला त्यांच्यावर रागावणं सोपं गेलं असतं. गाडीचे आलेले पैसे त्यांनी माझ्याजवळ दिले, मोतीरामला पोचवायला. स्वतः मात्र ते मोतीरामच्या घरी कधी आले नाहीत. मी दोनदा विचारलं. “कोणत्या तोंडानं येऊ?” म्हणाले. पुढं दीड वर्षानं ते गेले. मी खांदा दिला. माझ्या हातात जेवढी कला आहे ती सगळी त्यांची आहे, आणि मोतीरामच्या पायाचा निम्मा दोषही त्यांचा आहे. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

निम्मा म्हणालो, कारण उरलेला निम्मा माझा. तो सांगायला मी मोतीरामच्या घरी गेलो. नुकताच दवाखान्यातून आला होता, ओसरीवर खाटेवर पडून होता. सिंधू जाळं विणत बसली होती. खरं तर मी गप्प राहिलो असतो तर कोणाला कळलं नसतं. गाव रस्त्यालाच बोल लावत होतं. जाताना मी मनाशी वाक्यं जुळवली होती, पण तिथं बसल्यावर एकच निघालं.

“मोतीरामभाऊ, चासी आधीच चिरली होती. मी खाली गेलो नाही म्हून मले दिसली नाही.”

मोतीराम छताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “जाऊ द्या, मिस्त्री. होनार होतं ते झालं.”

सिंधूचे हात थांबले. “जाऊ कायले द्याचं?” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “खाली जाऊन पाहाले किती वेळ लागते?”

“पंधरा मिनिटं.”

“पंधरा मिनिटं,” ती म्हणाली.  आणि परत जाळं विणायला लागली. मी पैसे खाटेवर ठेवले, थोडा वेळ बसलो आणि उठून आलो. चहाचं कोणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

जीप मी दुरुस्त केली. चासीचा सडका भाग कापून काढला, नवा जाड लोखंडी भाग बसवला, दोन्ही बाजूंनी पट्ट्या रिव्हेट मारून जोडल्या. पुढून मागपर्यंत इंच इंच ठोकून पाहिली. दोन महिने लागले. मग निरोप पाठवला की गाडी तयार आहे. कोणी आलं नाही. दिवाळी गेली, धान कापून झालं. जीप गॅरेजसमोर ताडपत्रीखाली उभी. मी रोज सकाळी ती पाहायचो आणि कामाला लागायचो. त्या काळात कोणी जुनी गाडी पाहायला बोलावलं तर मी नाही म्हणायचो. आपण कोण कोणाला सांगणार, असं झालं होतं.

संक्रांतीनंतर एका सकाळी सिंधू आली. एकटीच, एसटीनं. ताडपत्रीचं एक टोक उचलून तिनं जीप पाहिली.

“त्यायचा पाय क्लच दाबत नाही आता,” ती म्हणाली. “मले चालवाले शिकवसान का?”

मी म्हटलं, “शिकवतो. आत्ता बसा.”

“आत्ता नाही बसत,” ती म्हणाली. “पयले खाली काय पाह्याचं असते ते दाखवा.”

मी पोतं आणलं. तिनं पदर खोचला, माझ्या हातातली हातोडी घेतली आणि झोपली. मी बाजूला झोपून दाखवत गेलो. हे स्प्रिंगचं टोक, हा स्टिअरिंगचा डबा, ही माझी नवी पट्टी, हे जुनं लोखंड. ती प्रत्येक ठिकाणी टोला मारून कान द्यायची. माझ्या पट्टीवर तिनं सात-आठ टोले मारले. जरा जास्तच जोरात मारले. 

“वाजते बरोबर,” शेवटी ती म्हणाली.

गाडी चालवायला ती तीन आठवड्यांत शिकली. सुरुवातीला गावातली माणसं पाळीवर उभी राहून पाहायची. आता सवय झाली. मोतीराम डाव्या बाजूला पाय लांब करून बसतो आणि डब्यांवर लक्ष ठेवतो. माझ्याशी तो पहिल्यासारखाच बोलतो. सिंधू कामापुरतं बोलते. ‘माफ केलं’ असं तिनं कधी म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. पण हळूहळू आजूबाजूच्या गावचे लोक, जुनी गाडी घ्यायची असली की आधी तिला विचारायला लागले. बाई गाडीखाली झोपते, ही बातमी आमच्या तालुक्यात लवकर पसरते.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या गावच्या मासेमारांनी मिळून दुसरी जीप घ्यायचं ठरवलं. पाहायला सिंधू जाणार होती. तिनं मला फोन केला. “इंजिनाचं मले पुरतं समजत नाही. तुमी चला.” इतक्या वर्षांत तिनं मला स्वतःहून बोलावलं ते तेव्हा.

जीप साकोलीतल्याच एका व्यापाऱ्याची होती. माणूस माझ्या ओळखीचा, वीस वर्षांचा घरोबा. त्यानं मला पाहून हात पसरले. “अरे, मिस्त्री आले म्हंजे झालं काम!” मी इंजिन पाहिलं, चांगलं होतं. तसं सांगितलं. सिंधू तोवर खाली गेली होती. टोले ऐकू येत होते. खण, खण, खण, आणि मग एक बद्द. ती तिथंच परत परत मारत राहिली. बाहेर आली तेव्हा केसांत गंजाचा भुगा होता.

“मागच्या स्प्रिंगीपाशी सडली हाय,” ती म्हणाली. “नाही घेत.”

व्यापारी हसला, माझ्याकडे वळला. “तुमी सांगा ना जी यायले. तुमी तं मले ओळखता.”

 सिंधू हातोडी हातात धरून माझ्याकडे पाहत उभी राहिली.

“ओळखतो,” मी म्हटलं. “पण खाली त्या गेल्या होत्या. मी नाही गेलो.”

तो थोडा नाराज झाला. आजकाल वाटेत भेटला तर मान वळवतो. सिंधूनं पोतं झटकलं, घडी केली आणि आपल्या जीपमध्ये टाकलं. मग ड्रायव्हरच्या जागेवर बसून मला म्हणाली, “बसा, मिस्त्रीभाऊ. घरापर्यंत सोडून देतो तुमाले.”